कॉमेट, ओरांडा, मूर आणि बबल आय एकाच टाकीत : मूर बारीक होत चाललाय, सल्ला हवा

कौलारू_घर (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही लोकमान्य नगरात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलीसाठी ३ फुटी टाकी घेतली, माप ३६ × १२ × १५ इंच. आता तिच्यात पाच गोल्डफिश आहेत : दोन कॉमेट, एक लाल टोपीचा ओरांडा, एक बाहेर आलेल्या डोळ्यांचा ब्लॅक मूर, आणि महिन्याभरापूर्वी आणलेला, डोळ्यांखाली पिशव्या असलेला बबल आय. जिथून घेतले तिथे सगळे एकाच टाकीत पोहत होते. विचारलं तर म्हणाले, "सगळे गोल्डफिशच आहेत, आरामात राहतील."

मारामारी अजिबात नाही, कोणाचे पंख फाटलेले नाहीत. पण मूर बारीक होत चाललाय. वरून पाहिलं की डोकं तेवढंच आणि मागचं अंग निमुळतं दिसतं. बबल आय दिवसभर फिल्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात तळाशी बसलेला असतो. ओरांडा खाऊन झाला की तासभर तिरपा तरंगतो, शेपटी वर, तोंड खाली. कॉमेट मात्र धष्टपुष्ट, दिवाळीत होते त्याच्या जवळजवळ दीडपट झालेत.

पाणी नर्मदेचं, दिवसाआड येतं. टाकीतलं पाणी महिन्यातून एकदा अर्धं बदलतो. खायला तरंगणारे दाणे, सकाळ-संध्याकाळ एकेक चिमूट. मुलगी रोज शाळेतून आली की आधी मूर बघते आणि विचारते, "बाबा, तो आजारी आहे का?" मला काय उत्तर द्यावं कळत नाही.

हवेचा_बुडबुडा (सुदामा नगर, इंदूर)

दादा, पहिली गोष्ट म्हणजे पाणी महिन्याने बदलणं फार कमी. तुमच्या टाकीत भरून १०५ लिटर पाणी मावतं, खाली खडे असतील तर ९० धरा. त्यात पाच गोल्डफिश म्हणजे गर्दीच आहे. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट ही विषं तयार होतात, ती तपासण्याचं किट मिळतं, आजच आणा. दोन्ही शून्य यायला हवेत. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुता का? तसं करत असाल तर थांबवा. त्यात जिवाणू असतात, ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. क्लोरीनच्या पाण्याने ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळायचा, बस.

दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. नर्मदा आली की पाइप सरळ टाकीत सोडू नका. बादल्या भरून एक दिवस ठेवा, किंवा अँटिक्लोरीनचे थेंब टाकून मग ओता.

जुन्या_रामबागेतून (इंदूर)

बुडबुडा म्हणतोय ते सगळं करा. पण पाणी स्वच्छ झालं तरी मूर भरणार नाही असं मला वाटतं, कारण तुमचे कॉमेट चांगले वाढतायत. पाणी वाईट असतं तर त्यांच्यावरही दिसलं असतं.

मी बावीस वर्षं गोल्डफिश पाळतेय. एक काम करा. उद्या सकाळी २० दाणे मोजून घ्या, टाका, आणि मुलीला समोर बसवा. कोणता दाणा कोणाच्या तोंडात गेला ते तिला वहीत लिहू दे. दाणे संपेपर्यंत दोघांनी हलायचं नाही. मग आकडे इथे टाका, पुढचं तेव्हा बोलू.

तिघऱ्याकाठी (ग्वाल्हेर)

आमच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे, ६ फूट लांब, ४ फूट रुंद. त्यात कॉमेट, शुबुनकिन आणि तीन रयुकिन गेली सहा वर्षं एकत्र आहेत. कोणी बारीक झालं नाही. गोल्डफिश सगळे एकाच जातीचे, शास्त्रीय नावही एकच, कॅरेशियस ऑराटस. तेव्हा एकत्र ठेवू नये हे मला पटत नाही. टाकी मोठी करा म्हणजे प्रश्न सुटेल.

कौलारू_घर

रामबागेतल्या मावशी, मोजलं. मुलीने वहीत पाच रकाने केले होते. कॉमेट दोघे मिळून १४, ओरांडा ५, मूर १, बबल आय शून्य. सगळा कारभार दीड मिनिटात आटोपला.

आणि जे दिसलं ते मला आत्तापर्यंत कधीच दिसलं नव्हतं. मूर हलत नव्हता असं नाही. तो वर आला, तोंड उघडझाप करत पृष्ठभागावर चाचपडत होता. एक दाणा त्याच्या डोळ्यासमोर बोटभर अंतरावर होता, तरी तो त्याच्या बाजूने निघून गेला. परत वळला, वास लागल्यासारखा दाण्याच्या दिशेने सरकला, आणि तेवढ्यात खालून कॉमेट आला, दाणा उचलला आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोचलाही. मूर त्यानंतरही त्या रिकाम्या जागी तोंड हलवत राहिला. मुलगी रडायला लागली. चार महिने रोज दोन वेळा खायला घालतोय आणि हे लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

जुन्या_रामबागेतून

वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक घरांत हे असंच चालतं, कारण दाणे टाकले की आपण वळून कामाला लागतो. पाण्यावर काही उरलं नाही की सगळे जेवले असं धरतो. मुलीला सांगा, मूर आजारी नाही, उपाशी आहे. उपाशी माशाचं आपल्या हातात पुष्कळ असतं.

आता ग्वाल्हेरच्या भाऊंच्या मुद्द्याबद्दल. जात एकच हे अगदी खरं. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी तळ्यातल्या करड्या-हिरवट माशांत एखादा सोनेरी निघायचा, तो वेगळा ठेवत ठेवत हे सगळं उभं राहिलं. सोंग राजवटीत राजवाड्यात त्यांच्यासाठी तळी होती. पुढे मिंग काळात लोक त्यांना घरात, मातीच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांत पाळू लागले, आणि बदल तिथून झाला. तळ्यात दुहेरी शेपटीचा, गोल अंगाचा मासा बगळ्याच्या तोंडी जाईल. भांड्यात तो टिकला, माणसाने जपला, त्याचीच पिल्लं पुढे वाढवली. मूरचे बाहेर आलेले डोळे, बबल आयच्या डोळ्याखालच्या पाण्याच्या पिशव्या, ओरांडाच्या डोक्यावरची टोपी हे सगळं माणसाच्या राखणीत तयार झालेलं आहे. कॉमेट त्या मानाने अगदी अलीकडचा, १८८० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेला, आणि अंगाने मूळ माशाच्या जवळचा : लांब, सडपातळ, एकेरी शेपटी.

म्हणून एकत्र ठेवताना मी रंग बघत नाही, जात बघत नाही, चाल बघते. कोण किती भरभर पोहतो आणि कोणाला किती दिसतं, एवढंच. माझ्या डोक्यात तीन पंगती आहेत. पहिलीत कॉमेट, शुबुनकिन आणि साधा गोल्डफिश. दुसरीत रयुकिन, फँटेल, ओरांडा : अंग गोल, पण पाठीवर पंख आणि नजर बरी. तिसरीत मूर आणि बाकीचे बाहेर डोळ्यांचे, बबल आय, आणि आकाशाकडे डोळे असलेला सेलेस्टियल. रांचू आणि लायनहेड दुसरी आणि तिसरी यांच्या मध्ये, कारण त्यांना पाठीवरचा पंखच नसतो, वळताना डगमगतात. शेजारच्या पंगती सांभाळून घेता येतात. पहिली आणि तिसरी एकत्र बसली की तिसरी उपाशी उठते.

भाऊंच्या हौदात कॉमेटसोबत रयुकिन आहेत, ते गोल माशांतले दणकट पोहणारे. शिवाय २४ चौरस फुटांवर दाणे पसरतात, एकच कॉमेट सगळीकडे पोचू शकत नाही. त्याच हौदात बबल आय सोडाल का, हे त्यांनीच सांगावं.

तिघऱ्याकाठी

नाही सोडणार, हे कबूल. आमच्याकडे खंड्याही येतो, तो सगळ्यात आधी तोच उचलेल. पंगतीचा हिशोब पटला.

कौलारू_घर

मावशी, आणखी एक घोळ. आज मोठ्या कॉमेटच्या गालांवर पांढरे बारीक ठिपके दिसले. दुकानात फोन केला तर म्हणाले व्हाइट स्पॉट आहे, लगेच निळं औषध टाका. बाटली आणलीय, अजून उघडली नाही. आणि सकाळपासून तो ओरांडाच्या मागे लागलाय, त्याला काचेपर्यंत ढकलत नेतो.

जुन्या_रामबागेतून

बाटली बंदच ठेवा! आधी नीट बघा. ठिपके फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या पंखाच्या पहिल्या जाड काट्यावर आहेत का? एका ओळीत, सारख्या आकाराचे? शेपटीवर, पाठीवर एकही नाही? तसं असेल तर तो नर आहे आणि विणीचा काळ आलाय, एवढंच. व्हाइट स्पॉट असता तर अंगावर आणि पंखांवर रवा भुरभुरल्यासारखा कुठेही दिसला असता, आणि मासा खड्यांवर अंग घासत फिरला असता.

थंडी सरून पाणी तापायला लागलं की नर मादीच्या मागे लागतात, पोटाला ढुशा देतात, म्हणजे ती अंडी सोडते. कॉमेट मादी असती तर तिनेही तितक्याच वेगाने पळून स्वतःला सांभाळलं असतं. गोल ओरांडाला ते जमत नाही. तिचे खवले उडतात, दमून तळाशी पडते. तेव्हा चालीचा प्रश्न फक्त जेवणाचा नाही. आज रात्रीच मध्ये जाळीची किंवा भोकं पाडलेल्या प्लास्टिकची आडभिंत घाला, कॉमेट एका बाजूला, बाकी तिघे दुसऱ्या बाजूला. अंडी दिसली तरी त्यांच्या मागे लागू नका, या जोडीच्या पिल्लांत ना धड कॉमेट निघेल ना ओरांडा.

कौलारू_घर

फक्त कल्ल्यांवर आणि पुढच्या पंखावरच आहेत, ओळीत. तुम्ही वेळेवर सांगितलंत. आडभिंत घातली. ओरांडा पहिल्यांदा शांत दिसतेय. (आजपासून 'तो' नाही, 'ती'. मुलीने जाहीर केलंय.)

तिचं तरंगणं कशामुळे? आणि आता खायला काय, कसं घालू?

जुन्या_रामबागेतून

गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. म्हणून एकदम भरपूर घालण्यापेक्षा थोडं थोडं, तीन वेळा. गोल माशाचं पोट आखूड, आतडं आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसलेली. कोरडा दाणा आत जाऊन फुगला की पिशवीवर दाब येतो आणि तोल जातो. वरचे दाणे टिपताना हवाही गिळली जाते. म्हणून तरंगणारे दाणे बंद करा. बुडणारे आणा, आणि टाकण्याआधी वाटीत टाकीचंच पाणी घेऊन दहा मिनिटं भिजवा. दाणा बोटात धरून दाबला की मऊ लागला पाहिजे.

उद्या तिघांनाही उपास. परवा मटाराचे दाणे उकडून, साल काढून, दोन फाका वेगळ्या करून नखाएवढे तुकडे. आपल्याकडे अजून ताजे मटार मिळतायत.

मूर आणि बबल आयला नेहमी एकाच जागी घालायचं. मी पांढऱ्या चिनीमातीची बशी तळाला ठेवते, तीत काचेच्या नळीने दाणे सोडते. काठीने टाकीच्या काठावर दोनदा हलकं वाजवते आणि मग सोडते. आठवड्याभरात त्यांना जागा कळते, वासाने बरोबर येतात.

हवेचा_बुडबुडा

मावशी, बबल आयच्या पिशव्यांबद्दलही सांगा ना. मला घ्यायचाय, पण भीती वाटते.

जुन्या_रामबागेतून

भीती वाटते ते बरंच आहे. माझ्याकडे एक होता, केशरी, पिशव्या अर्ध्या लिंबाएवढ्या. मी टाकीत प्लास्टिकचं एक झाड ठेवलं होतं, पानांच्या कडा बोटाला टोचायच्या हे मला माहीत होतं, तरी ठेवलं कारण दिसायला छान होतं. एका सकाळी डावी पिशवी चपटी, कातडं लोंबतंय. वेगळ्या टबात ठेवला, रोज पाणी बदललं, जखम चिघळू दिली नाही. दोन महिन्यांनी पिशवी भरली, पण उजवीपेक्षा लहान, आणि तो त्यानंतर कायम उजवीकडे कलून पोहायचा. त्या दिवसापासून माझ्या टाकीत प्लास्टिकचं काही नाही, धारेचा दगड नाही. फिल्टरच्या तोंडावर स्पंज बांधलेला असतो, कारण पिशवी नळीत ओढली जाते. कौलारू_घर, तुमचा तो फिल्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात बसतो म्हणालात ना? प्रवाह जोरात असणार. धार काचेकडे वळवा आणि तोंडाला स्पंज लावा.

अजवा_रोड (बडोदा)

एक भर घालतो. काच चाटून स्वच्छ करतो म्हणून जो सकर मासा विकतात, तो गोल्डफिशबरोबर ठेवू नका. रात्री तो गोल, संथ माशांच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खातो. माझ्या रांचूच्या कुशीवर लाल चट्टा होता, कशाने ते आठ दिवस कळलं नाही. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन बसलो तेव्हा दिसलं.

कौलारू_घर

सकर नाही आमच्याकडे, आणि आता येणारही नाही. प्रश्न उरला कॉमेटचा. कायम आडभिंत ठेवणं त्यांच्यावरही अन्याय आहे, दीड फुटात ते वळून वळून थकतात. ऑफिसातला एक मित्र म्हणाला सिरपूर तलावात सोडून दे, तिथे मोकळे राहतील. करू का तसं?

तिघऱ्याकाठी

कृपया करू नका. गोल्डफिश तलावात मरत नाही, हाच धोका आहे. तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, आणि टाकीतले रोग बरोबर नेतो.

जुन्या_रामबागेतून

सिरपूरला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय, आपल्या यशवंत सागर तलावालाही त्याच वर्षी. हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला आपणच जातो. तिथे घरातला मासा सोडायचा विचारही नको.

कॉमेट फूटभर लांब होतो आणि नीट ठेवला तर माणसाच्या मुलाबरोबर मोठा होतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगून १९९९ मध्ये गेला. तुमच्या मुलीचं लग्न होईपर्यंत हे दोघे असू शकतात. त्यांना हौदच हवा. नात्यात, ओळखीत कोणाकडे बाग नाही का?

कौलारू_घर

महूला माझ्या मामांचं जुनं घर आहे, मागे हौद आहे. विचारतो.

(चार दिवसांनी) मामा तयार आहेत! हौद ८ फूट लांब, ५ फूट रुंद, कमरेएवढा खोल. पूर्वी बागेला पाणी घालायला वापरायचे. एका बाजूला आंब्याची सावली. रविवारी दोघांना नेतोय.

हवेचा_बुडबुडा

दादा, हौद घासताना साबण किंवा फिनाइल नको, नुसता काथ्या. भरून दोन दिवस ठेवा. नेताना पिशवीत तिसरा हिस्सा पाणी आणि बाकी हवा. तिथे पिशवी वीस मिनिटं हौदाच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग वाटी वाटीने हौदाचं पाणी आत घाला, मग सोडा.

जुन्या_रामबागेतून

आणि घरच्या तिघांचा उन्हाळा. रंगपंचमीची गेर झाली की आपल्याकडे ऊन एकदम वर चढतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि नेमका तेव्हाच माशाला जास्त लागतो. हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडतो तो) रात्रंदिवस चालू ठेवा. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावा, दोन-तीन अंशांचा फरक पडतो. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते चुकूनही वापरू नका. बदलायचं पाणी पहाटे भरून सावलीत ठेवलेलं असावं. फार तापलं तर बर्फ झालेली पाण्याची बाटली तरंगत ठेवा, पण एका वेळी एकच, तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. उकाड्यात खाणंही कमी करा.

बोरिंगचं पाणी मिसळत असाल तर बुडबुड्याच्या किटने पीएच बघा. पीएच आणि उष्णता दोन्ही वाढलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

कौलारू_घर

तीन आठवडे झाले, म्हणून लिहितोय. दोन्ही कॉमेट महूला रुळले. मामी म्हणतात ते पायाचा आवाज ओळखतात, चप्पल वाजली की काठाशी येतात.

घरी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. ओरांडा मटारानंतर दोन दिवसांत सरळ पोहायला लागली, परत तरंगली नाही. बशीची युक्ती मूरला पाचव्या दिवशी कळली. मुलगी पेन्सिलीने काठावर दोनदा वाजवते, तो टाकीच्या मध्यावरून सरळ खाली येतो, बशीच्या कडेवर नाक आपटतो आणि मग दाणे टिपतो. काल वहीत मूर ७, बबल आय ६, ओरांडा ७. वरून पाहिलं तर पाठ आता डोक्याच्या रुंदीची दिसतेय. बबल आय कोपरा सोडून फिरतो, पण अजून बशीपाशी सगळ्यात शेवटी येतो.

एक विचारायचं होतं. जागा झालीय तर मुलीला एक पर्लस्केल (मोत्यासारख्या खवल्यांचा गोल गोल्डफिश) हवाय. घेऊ का?

जुन्या_रामबागेतून

चालीने तो तुमच्या तिघांत बसेल. पण आत्ता नको. ९० लिटरला तीन मासे हेच मला काठोकाठ वाटतंय, आणि समोर एप्रिल-मे आहे. उन्हाळा जाऊ दे. ४ × दीड × दीड फुटाची टाकी झाली तर अडीचशे लिटर होतात, तेव्हा घ्या. टाकी ठेवाल ती जागा आधी बघून घ्या, पाण्याचंच वजन अडीचशे किलो, वर काच आणि खडे. आणि नवीन मासा आणाल तो आधी चार आठवडे वेगळ्या टबात.

मुलीला वही चालू ठेवायला सांगा.

तिघऱ्याकाठी

मामांच्या हौदावर जाळी बसवली का? आंब्याचं झाड जवळ आहे म्हणजे खंड्याला बसायला फांदी आहे.

कौलारू_घर

अजून नाही. आजच फोन करतो. जाळी किती मोठ्या भोकाची घ्यायची?

तिघऱ्याकाठी

पाऊण इंच पुरे. पाण्यावर लोळती ठेवू नका, मासा अडकतो. चार कोपऱ्यांना खिळे मारून हातभर उंच ताणून बांधा, आणि मामींना खायला घालता येईल अशी एक बाजू उघडणारी ठेवा.